काट्यावर जाण्याआधी

आश्विनात आमच्याकडे काही गळत नाही. पानगळ शिशिरातली, तिला अजून अवकाश आहे. आश्विन भरण्याचा महिना. लोंबीत दूध भरतं, शेंगेत दाणा भरतो, रताळं मातीखाली फुगत असतं, विहिरीचं पाणी वाकलं तर हाताला लागेल इतकं वर आलेलं असतं. सगळं भरत आलेलं आणि घरात अजून काहीच आलेलं नाही. शरदाचं सुख एवढ्या चिंचोळ्या जागेत मावतं.

*

बेळगावच्या दक्षिणेला वडगाव, शहापूर, येळ्ळूरचं शिवार. राजहंसगडावर चढून खाली पाहिलं तर भाताचा रंग हिरवा म्हणावा की पिवळा, ठरत नाही. बासमतीचा वास वाऱ्यावर अवलंबून. कधी बांधापर्यंत येतो, कधी रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्याला गाडी हळू करायला लावतो.

बांधावरच्या माणसाला विचारावं, ‘काय मामा, यंदा भात कसं हाय?’

‘उभं हाय की.’

चांगलं आहे असं तो म्हणत नाही. वाईट आहे असंही नाही. उभं आहे, म्हणजे वाऱ्यानं पडलं नाही, पाण्यात बसलं नाही, रोगानं गेलं नाही आणि अजून कापलंही नाही. शेतकरी विशेषण विक्रीनंतर वापरतो. तोवर क्रियापदावर भागवतो.

*

शेतावर जाऊन नुसतं बघणं, याला शेतात काम म्हणत नाहीत. तरी वर्षातले पंधरावीस दिवस ते एक काम होऊन बसतं. ज्येष्ठात बघण्यासारखं काही नसतं. आषाढात सवड नसते. पौषात जे बघायचं ते पोत्यात शिवलेलं असतं. मधल्या या दिवसांत माणूस चहा पिऊन उगाच शेताकडे जातो, मेरेवरून चार पावलं टाकतो, एक लोंबी दाताखाली चावून बघतो आणि परत येतो. घरातली विचारतात, ‘काय केलासा?’ तो म्हणतो, ‘काय न्हाई.’

उत्तर खरं असतं. एवढं खरं उत्तर तो वर्षभरात दुसऱ्यांदा देत नाही.

*

शहरातून येणाऱ्या पाहुण्याला शरद दाखवता येतो, देता येत नाही. त्याला बांधावर नेऊन ‘बघ’ म्हणावं, तर तो फोन काढतो. फोटोत भात येतं. त्याच्या मुळाशी अजून पाणी किती आहे आणि ते कधी तोडायचं, हा मालकाच्या डोक्यातला घोर फोटोत येत नाही. तो घोर वजा केला तर उरतो तो देखावा. मालकाला देखावा नुसता कधीच मिळत नाही, घोरासकट मिळतो. मला वाटतं, त्याचा जास्त खरा.

*

एका जिल्ह्यात शरद एकाच दिवशी येत नाही. पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस. पूर्वेला अथणीकडे पाचसहाशेवर समाधान. इकडे दसऱ्यापर्यंत घराच्या भिंतींना ओल. तिकडे काळ्या रानात शाळू पेरायचा म्हणून लोक आभाळाकडे बघत बसलेले.

त्यामुळे परतीच्या पावसाबद्दल जिल्ह्याचं एकमत होणं अशक्य. खानापूरचा माणूस म्हणतो, आता पुरे, भात आडवं होईल. अथणीचा म्हणतो, एक तरी चांगला पडू दे, बी उगवायला ओल नाही. दोघांचे नवस एकाच देवीला, बऱ्याचदा सौंदत्तीच्या यल्लम्माला. तिच्या जागी आपण नाही, हे आपलं नशीब.

*

सूर्य हस्तात गेला की आमच्याकडे हादगा. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर धरणाऱ्या मुली, शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत. डबा हलवून, वास घेऊन, आवाज ऐकून ओळखायचं. ओळखेपर्यंत आत काहीही असू शकतं. झाकण उघडलं की बहुतेक वेळा वाटली डाळ असते.

झाकण लवकर उघडणारी यजमानीण मुलींना आवडत नाही.

*

रताळी मात्र शरदातही दिसत नाहीत. उचगाव, बेळगुंदीच्या लाल मातीत वर फक्त वेलांची गादी. खाली काय आहे ते नांगर लागेपर्यंत मालकालाही ठाऊक नसतं. नवरात्राच्या तोंडावर काढणी येते, कारण उपवास तेव्हा असतात. बेळगावच्या बाजारातून पोती मुंबईकडे आणि त्याहून लांब जातात. उपवास करणाऱ्यांची संख्या वाढली की पिकवणाऱ्याचं पोट भरतं, हा हिशेब कोणत्याही धर्मग्रंथात नाही, पण बाजार समितीच्या आवारात पोरालाही माहीत असतो.

मातीतून पहिलं रताळं निघतं तेव्हा सगळे वाकून बघतात. काढणीला आलेल्या बायका, मालक, रस्त्यानं जाणारा कुणी. दुसरं निघेपर्यंत पहिल्याबद्दल बोलणं चालू असतं. दहाव्यानंतर ती नुसती रताळी. दुपारी कुणीतरी पालापाचोळा पेटवून त्यात चार टाकतं. जिभेला चटका बसतो, हात काळे होतात, आणि पोत्यात गेलेल्यांपेक्षा ही चार गोड निघतात. कारण सरळ आहे. ही चार कुणी मोजलेली नसतात.

*

घटस्थापनेला पत्रावळीवर माती घालून धान्य पेरतात. नऊ दिवसांत वीतभर पिवळे अंकुर येतात. उजेड कमी म्हणून पिवळे. दसऱ्याला ते उपटून टोपीत, फेट्यात खोवतात. ज्याचं पीक शेतात उभं आहे तो माणूस हे न पिकणारं पीक डोक्यावर मिरवतो. यात काही विरोध आहे असं त्याला वाटत नाही. मलाही आता वाटत नाही.

*

दसऱ्याला मराठी घरात आपट्याचं पान सोनं होतं. शेजारच्या कन्नड घरात बन्नीचं, म्हणजे शमीचं. सीमाभागात संध्याकाळी दोन्ही पानं एकाच खिशात असतात. एकानं म्हणायचं, सोन्यासारखं राहा. दुसऱ्यानं म्हणायचं, बन्नी घ्या, बंगारासारखे राहूया. रात्री खिसा रिकामा केला की टेबलावर दोन जातींची सुकी पानं पडतात. त्यातलं कुठलं कुणी दिलं हे आठवत नाही, आणि आठवायचं कारणही नसतं. सोन्याचा भाव सगळ्यांना पाठ, या सोन्याचा कुणी विचारत नाही.

त्याच दिवशी सीमोल्लंघन. बाकीची गावं वर्षातून एकदा वेस ओलांडतात. निपाणीची मुलं रोज सकाळी पहिल्या तासाला ओलांडतात. त्यांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, कोल्हापूर जिल्ह्यात. गावाला लागूनच, पण महाराष्ट्रात.

*

आश्विनी पौर्णिमेची रात्र आमची, दिवस शेजाऱ्यांचा.

आमच्या घरी कोजागरी. गच्चीवर शेगडी, आटत जाणारं दूध, चारोळी, केशर असलं तर केशर, नसलं तर जायफळ जास्त. चंद्राचं प्रतिबिंब दुधात पडलं पाहिजे असा आग्रह धरणारी एक आजी प्रत्येक घरात असते. प्रतिबिंब पडतं तेव्हा नेमकी साय धरते. मग साय बाजूला करायची, पुन्हा बघायचं, तोवर चंद्र सरकलेला. बारा वाजेपर्यंत जागायचं म्हणून पत्ते, पत्त्यांवरून भांडण. कोण जागं आहे हे विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. आमच्या गच्चीवरचा आवाज ऐकून तिला विचारायची गरज पडत नसावी.

शेजारी कन्नड घरात याच पौर्णिमेला शीगी हुण्णिमे. त्यांचं सगळं उजेडी चालतं. सकाळपासून चुलीवर कडबू, होळिगे, भाकऱ्या, चार तऱ्हेच्या भाज्या, दहीभात. पूर्वी बैलगाड्या जुंपत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घर भरून निघतं. इरकली नेसलेल्या बाया, टोपल्यांवर झाकलेली पांढरी फडकी. शेतात जाऊन उभ्या पिकाची पूजा करायची आणि मग चरग टाकायचा. आणलेल्या प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं चारी दिशांना, पिकात, फेकत जायचं. ज्या जमिनीनं खायला द्यायचं तिलाच आधी खायला घालायचं. नंतर झाडाखाली पंगत. शेजारधर्म असा की ट्रॉलीत जागा असली तर आमच्याकडची पोरंही त्यात बसलेली असतात. चरग कशासाठी ते त्यांना ठाऊक नसतं. कडबू कशासाठी ते ठाऊक असतं.

जमीन पोटुशी आहे, अशी या सणामागची समजूत. तिचे डोहाळे पुरवायचे. दाण्यांनी पोटरी भरली आहे, बाळंतपण अजून झालेलं नाही. जगातल्या बऱ्याच शेतकऱ्यांचे मोठे सण पीक घरात आल्यावरचे. कोकणातही याच पौर्णिमेला नवान्न म्हणतात, नवा तांदूळ ताटात पडतो. पण पीक अजून शेतात असताना, हाती काय लागणार याचा पत्ता नसताना, घरातलं आहे ते नेऊन रानात उधळायचं, याला छाती लागते. हातात पावती आल्यावर आभार कुणीही मानतो.

डोहाळजेवणाला बाळाचं वजन कुणी विचारत नाही.

*

कार्तिकात उसाला तुरे येतात. संकेश्वर ते निपाणी रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना रुपेरी पिसारे. उतरत्या उन्हात ते असे पेटतात की बसमधला माणूस खिडकी उघडून बघतो. तवंदीच्या घाटावरून तर खालचं सगळं शिवार चांदीचं दिसतं.

मालकाला मात्र तो तुरा डोळ्यांसमोर नको असतो. तुरा आला की उसाची वाढ थांबली. मग पांगशा फुटतात, कांडी आतून पोकळ व्हायला लागते, वजन घटतं, साखर उतरते. त्यात तोड मिळायला उशीर झाला तर तोडीच्या चिठ्ठीसाठी चिटबॉयच्या मागं हेलपाटे. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढते तेव्हा तुऱ्याचं सौंदर्य वजा होऊन आलेलं असतं.

म्हणून उसाच्या फडाजवळ ‘काय सुंदर’ म्हणण्याआधी फड कुणाचा ते बघावं. मी तरी आवाज खाली ठेवतो. आणि तरीही बघतो. त्याचा तोटा होतो म्हणून माझ्या डोळ्यांनी मिटून घ्यावं, इतकं सज्जन होता येत नाही. वाढे तोडून नेणाऱ्या बाईच्या डोक्यावर तुऱ्यासकट भारा असतो. चालताना तो मागं डुलतो. तिच्या म्हशीला तुरा आणि पाचट यांत भेद नाही.

*

तंबाखूचं उलटं. तिला फुलूच देत नाहीत.

निपाणी भागातलं हे पीक. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे. पावसाळ्यात रोपं लावलेली, शरदात ती मांडीपर्यंत येतात. पानं रुंद, लवदार, चिकट. कळी दिसायच्या बेताला शेंडा खुडतात, म्हणजे झाडाची ताकद फुलात जायची ती पानांत उतरते. मग बगलेतले फुटवे काढत राहायचे. खुडणाऱ्या बायकांच्या बोटांवर चीक बसतो. तो काळा पडतो आणि जेवायच्या आधी राख लावून घासला तरी पुरता जात नाही. रानात एखादं झाड चुकून राहतं, त्याला फिकट गुलाबी फुलं येतात. त्या एका झाडावरून कळतं की बाकीची काय झाली असती.

या पिकानं निपाणीला वखारी दिल्या, पैसा दिला आणि खोकला दिला. १९८१ मध्ये दरासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर येऊन बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा जण गेले. पान शेतात असतं तोवर ते फक्त पान असतं. वखारीच्या दारात गेलं की त्याला प्रत लागते, कडता लागतो, आणि मग दराचं भांडण लागतं.

निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. वखारीतल्या बायका, गॅरेजमधली पोरं, ड्रायव्हर, हमाल हा त्यांचा मुलूख. निसर्गवर्णन शोधत त्यांच्याकडे जाणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. त्यांना वाचल्यावर मला माझ्या या चांदीच्या तुऱ्यांची थोडी लाज वाटते. थोडीच.

*

शरद ही वैद्यांची आई, असं जुन्या माणसांनी म्हणून ठेवलंय. दुपारचं ऊन डोक्यात जातं, पहाटे पांघरूण लागतं, पित्त उसळतं, घरोघर एकेक तापानं पडलेला. सुंदर ऋतू प्रकृतीला चांगला असतोच असं नाही.

आणि तरी वेदकाळच्या लोकांनी आयुष्य मागितलं ते शंभर शरदांचं. पावसाळ्यातून तगून निघालेला माणूसच बहुधा वर्ष मोजायला बसत असेल.

*

अगस्ती उगवला की पाणी निवळतं, ही जुनी समजूत. अगस्तीचा हात त्यात किती ते असो, पाणी मात्र निवळतं. वेदगंगा श्रावणात गढूळ, लाल, घाईत असते. आश्विनात तिचा तळ दिसतो. तळाशी गोटे दिसतात, गोट्यांवर शेवाळ, शेवाळाशी मासे. पुलावरून जाणारी माणसं कठड्याला टेकून खाली बघतात. तिथं बघण्यासारखं विशेष काही नसतं. दोन महिने दिसत नव्हतं, एवढंच.

*

कापणीआधीच्या शिवारावर चतुर जमतात. शेकडो, डोक्याच्या उंचीवर, एकाच जागी तरंगत. त्यातली एक जात इथून मालदीववरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असं अभ्यासक मानतात. पोरं त्यांच्या शेपटीला दोरा बांधतात. आफ्रिकेला निघालेल्याला बेळगाव तालुक्यात थांबवून धरायचं म्हणजे पोरांच्या हाताला केवढी ताकद.

*

१ नोव्हेंबर दर वर्षी याच दिवसांत येतो. १९५६ मध्ये या तारखेला राज्यांची फेरआखणी झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तोवर बेळगाव जिल्ह्यात असलेलं चंदगड मात्र मुंबई राज्यातच राहिलं, कोल्हापूर जिल्ह्यात आलं. २०१४ मध्ये याच तारखेला शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं. शहरात एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्यावर काळ्या दिनाची फेरी. मला याबद्दल मत आहे. इथं जन्मलेल्या माणसाला ते नसतं असं होत नाही, आणि विचारलंत तर सांगेनही.

त्या दिवशी चंदगडच्या बाजूचं भात आणि बेळगावच्या बाजूचं भात सारखंच पिकलेलं असतं. कापायला माणसं मात्र दोन्हीकडे मिळत नाहीत.

*

खळ्यावर धान्य मापताना जुनी माणसं पहिल्या मापाला एक म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन, चार. निदान पहिलं माप तरी आकड्याबाहेर ठेवायचं.

वजनकाट्याला ही सोय नाही. तो शून्यापासून सुरू होतो, आणि शेतकऱ्यांना विचाराल तर कधी कधी शून्याच्याही खालून.

*

कापणी झाली की शिवार उघडं पडतं. पाहुणा म्हणतो, संपलं. पण धसकटांच्या मुळाशी ओल शिल्लक असते आणि त्या ओलीवर आमच्याकडे मसूर पेरतात. नवं पाणी द्यायचं नाही. पावसाळ्यातलं जे मागं उरलंय त्यावरच त्यानं वाढायचं. बेळगावच्या मसुरीची चव त्यामुळेच, असं पिकवणारे सांगतात. दुकानदारही सांगतात, पण ते सगळ्याच मसुरीबद्दल सांगतात.

ओल किती दिवस टिकेल हे हातात ढेकूळ दाबून ठरवायचं. भुगा झाला तर उशीर झाला. गोळा झाला तर दोन दिवस थांब. ढेकूळ हातात धरून दोन भाऊ अर्धा तास वाद घालतात. तोवर तिसरा पेरून मोकळा होतो.

*

दिवाळीत अंगणाअंगणात पोरांचे किल्ले उठतात. माती, दगड, पोत्याचं किलतान, वरून मोहरी पेरलेली. चार दिवसांत तट हिरवे होतात. प्रतापगड, राजगड, कधी घराजवळचा राजहंसगड. मावळ्यांच्या रांगेत गेल्या वर्षीचा एक हात तुटलेला मावळा असतोच, त्याला बुरुजाआड उभा करतात. किल्ला बघायला येणाऱ्या मोठ्या माणसानं एक तरी चूक काढायची असते. ती काढली नाही तर पोरांना वाटतं, यानं नीट बघितलंच नाही.

*

पाडव्याच्या सकाळी दारात शेणाचे पांडव मांडलेले, त्यांच्या डोक्यावर कुर्डूचे तुरे आणि झेंडू. कुर्डू हे रानातलं तण. वर्षभर खुरप्याखाली, आज देवाच्या माथ्यावर.

दुपारनंतर बेळगावात म्हशी पळतात. गवळ्यांनी सकाळपासून त्यांना घासून, तेल लावून काळ्या कुळकुळीत केलेल्या असतात. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरं, पाठीवर रंगानं काढलेलं नाव. पुढं मालकाची मोटारसायकल, तिचा सायलेन्सर काढलेला. त्या आवाजामागं म्हैस कान टवकारून, मान वर करून धावत सुटते. गल्लीच्या दोन्ही अंगांना माणसं, गच्च्यांवर बायका, कुणी भिंतीला चिकटलेलं, कुणाची चप्पल वाटेतच राहिलेली. कोण पहिली आली याच्या नोंदीपेक्षा, कोणाची मालकाच्या हाकेला थेट धावली, यावर जास्त बोललं जातं.

संध्याकाळी धारेला बसलं की एखादी म्हैस दूध चोरते. एवढं पळाल्यावर ती पान्हा सोडेल कशाला? डेअरीचा पोरगा कॅन घेऊन दारात उभा, मीटरवर आकडा कमी दिसणार हे त्यालाही कळलेलं. मालक बादली तशीच अर्धी उचलतो, तिच्या पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, ‘चोरू दे की. आज तिचा सण हाय.’